पाळकीणबाईंचं स्वयंपाकघर
आमच्या शेजारच्या पाळक (चर्चचे धर्मगुरू) दांपत्यावरच्या लेखात पाळकसाहेबांच्या बदल्यांची गावं सविस्तर आलीत, पाळकीणबाईंचं स्वयंपाकघर मात्र दोन ओळींत उरकलंय. आमची ओळख तिथलीच! छिंदवाड्याकडच्या लुथरन मंडळीतून, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथाच्या चर्चमधून, निवृत्त होऊन दोघं वानवडीला आमच्या शेजारी आले. नाताळच्या करंज्या आमच्याकडे, दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे. डबा रिकामा परत जायचा नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची बायको काथरीना ही आधी जोगीण, १५२३ साली मठातून पळाली, पुढे लग्नानंतर जर्मनीतल्या विटेनबर्गच्या जुन्या मठातल्या घरात विद्यार्थ्यांना जेवूखाऊ घालून संसार चालवला, हे मला बाईंनीच पोळ्या लाटता लाटता सांगितलं. "पाळकाचं घर म्हणजे खानावळच गं," म्हणायच्या. शेवटच्या आजारपणातही आल्यागेल्याला आधी चहा. साखर जरा जास्तच असायची, खरं सांगायचं तर.