अनुताईंच्या त्यागाइतकेच त्यांच्या शिकवण्याबद्दलही बोलू या

बालशिक्षणाचे काम केलेल्या अनुताई वाघ यांचा स्मृतिदिन २७ सप्टेंबरला असतो. त्या दिवशी त्यांच्यावर जे काही लिहिले जाते, त्यात बालविवाह, वैधव्य, सेवाव्रत आणि शेवटी पद्मश्री, हा क्रम सहसा चुकत नाही. त्यातले काहीही खोटे नाही. तरीही ते वाचून झाल्यावर एखाद्या नवख्या शिक्षिकेला उद्या वर्गात नेमके काय करावे, याचा पत्ता लागत नाही, आणि सत्तेचाळीस वर्षे एकाच परिसरात लहान मुलांना शिकवण्याचे काम केलेल्या बाईंची आठवण अशी व्हावी, हे मला खटकते. वंदनीय ठरवलेल्या माणसाचे अनुकरण करण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही, हाही या प्रकारातला एक सोयीचा भाग आहे.

त्यांचे पूर्वायुष्य थोडक्यात सांगतो. जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत पती वारले. पुढे शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यात चांदवडला त्यांनी काही वर्षे शिकवले आणि नंतर पुण्यात हुजूरपागा या मुलींच्या शाळेत. दिवसा शिकवत असतानाच १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ साली बोरिवलीच्या शिबिरात बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांची भेट झाली आणि अनुताई त्यांच्याबरोबर आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते आणि गाठीशी पंधरा वर्षांच्या आसपास शिकवण्याचा अनुभव होता. घर सोडून समाजसेवेला निघालेली हळवी विधवा असे जे चित्र आपण रंगवतो, त्यात हा अनुभव कुठेच दिसत नाही. मुरलेली शिक्षिका अवघड वर्ग मुद्दाम निवडते, तशी ही निवड होती, असे मला वाटते.

ताराबाईंनी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता आणि मुंबईत दादरला शिशुविहारही चालवले होते. मुलाला साहित्य हाताळत स्वतः शिकू देणारी मॉन्टेसोरी पद्धत शहरातल्या मुलांसाठी कशी वापरायची, हे त्यांना पक्के ठाऊक होते. खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत ती न्यायची कशी, हा प्रश्न मात्र मोकळाच होता. साहित्य महाग होते, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे मुले बालवाडीत येतच नव्हती. बोर्डीत जे घडले ते मला आजही शिक्षणातले मोठे धाडस वाटते. मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष न देता या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगण बालवाडी' ती हीच.

अंगणात गेल्यावर कामाचा क्रमही बदलला. मुलांना आधी आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची, आणि मग खेळ, गाणी, गोष्टी. स्वच्छता हा शाळेत येण्यापूर्वी घरी पुरा करायचा विषय आहे, असे मानले असते तर निम्मी मुले पहिल्याच दिवशी परत गेली असती, म्हणून तोच पहिला तास ठरला. साहित्यासाठी बिया, शंखशिंपले, खडे, पाने, माती असे जे भोवताली फुकट मिळत होते ते वापरले गेले. यात काटकसर होतीच, पण मोजण्याची, वर्गीकरणाची आणि स्पर्शाने ओळखण्याची सवय मुलाला त्याच्या ओळखीच्या वस्तूंतून लागावी, हा विचारही होता. मला यातले कौशल्य अधिक महत्त्वाचे वाटते, कारण माया प्रत्येकाला आपापली असते, कौशल्य मात्र एकाकडून दुसऱ्याला शिकता येते.

पुढे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि समोर वारली पाड्यांतली मुले आली. इथे अडचण वेगळी होती. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण आईबाप मजुरीला गेल्यावर धाकट्या भावंडाला तीच सांभाळी. मुलगा येत नसे, कारण तो गुरांमागे जाई. गळती या एका शब्दात आपण आज हे सारे कोंबून टाकतो. तिथे मात्र प्रत्येक कारणाला वेगळे उत्तर शोधले गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभी राहिली, म्हणजे धाकट्याला पाळणाघरात सोडून थोरली शेजारीच शिकू शकेल; गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, जिथे गुरे चरत असताना शिक्षण चाले. मुलाचा दिवस कसा जातो ते आधी पाहायचे आणि वेळापत्रक त्यानंतर आखायचे, ही ती पद्धत होती.

१९४५ हे वारल्यांच्या वेठबिगारीविरोधी उठावाचेही वर्ष. त्याच मुलखात कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर लढा संघटित करत होत्या. तेव्हा लढा मोठा की बालवाडी मोठी, असा वाद अजूनही अधूनमधून काढला जातो आणि मला तो निरर्थक वाटतो. वेठ बंद झाल्याशिवाय मुलाला शाळेसाठी मोकळीक मिळणार नव्हती, आणि मोकळीक मिळाल्यावर त्याला सामावून घेणारी शाळा तर हवीच होती.

अनुताई वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९६१ साली, बी.ए. झाल्या. (पदवीमुळे त्यांच्या कामाला काही अधिक मान मिळणार होता असे नाही; शिकत राहण्याची खोडच ती.) १९७३ साली ताराबाई गेल्यावर कोसबाडची धुरा त्यांच्यावर आली. १९८२ साली, बहात्तर वर्षांच्या असताना, त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था सुरू केली. पुरस्कारांची यादी देत नाही, ती सगळीकडे मिळते.

सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. योजनेच्या सहा सेवांत शालापूर्व शिक्षण आहे, पण पूरक आहार, लसीकरण, वजनांच्या नोंदी आणि मोबाइलमधले पोषण ट्रॅकर हे सरकारी नोंदींचे ॲप यांतून उरलेला वेळच त्याच्या वाट्याला येतो. हे करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळते. २०१८ साली केंद्राने आपला वाटा दरमहा ४,५०० रुपये केला आणि राज्ये त्यात आपापली भर घालतात. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हेही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. भाषणांत मात्र सेविकेला अनुताईंचा वारसा चालवणारी म्हटले जाते. सेवाव्रताचा गौरव आणि कमी मोबदला यांची ही जोडी मला अपघाती वाटत नाही, कारण त्याग करणाऱ्या बाईला पगार विचारण्याची सोयच उरत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सकाळचे निदान दोन तास सेविकेला केवळ मुलांसाठी मोकळे मिळावेत आणि नोंदींसाठी वेगळी व्यवस्था असावी. दुसरे म्हणजे, वीस-पंचवीस वर्षे अंगणवाडी चालवलेल्या सेविका आज गावोगावी आहेत. कोणते मूल का येत नाही आणि काय केल्यावर येते, हे त्यांना माहीत असते. तरी प्रशिक्षणात त्यांना श्रोत्यांच्या रांगेत बसवून बाहेरून आलेला माणूस पडद्यावर चित्रे दाखवतो. त्या प्रशिक्षणाचा निम्मा वेळ या सेविकांच्या हाती द्यावा, त्यांनी नव्या सेविकांना शिकवावे, आणि त्या दिवसांचे मानधन त्यांना प्रशिक्षकाच्या दराने मिळावे.