गेटवरूनच परत पाठवलेल्या मुली

पुण्यात आई राहते त्या आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात फिजिओथेरपी शिकणाऱ्या दोन मुली आल्या होत्या. साठी उलटलेल्यांपैकी कोण कधी पडलं, कुठे पडलं, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कमिटीने त्यांना गेटवरूनच वाटेला लावलं. घरच्या ग्रुपवर आतेभावाने लिहिलं, ‘बरं झालं. यांचे संशोधनाचे पेपर छापून येतात, आपल्या म्हाताऱ्यांना काय मिळतं?’ त्याला सात अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

काय मिळतं ते मी रोज हाताळते. मी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनमध्ये फिजिओ आहे. इथल्याच ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ऐंशी आणि त्यापुढच्या २३३ बायकांवर एक प्रयोग केला. ११६ जणींना घरी जाऊन पायांची ताकद आणि तोल वाढवणारे व्यायाम शिकवले. वर्षभरात त्या मिळून ८८ वेळा पडल्या, उरलेल्या ११७ जणी १५२ वेळा. १९९७ साली हे छापून आलं. पेपरच तो! पुढे एसीसीने, म्हणजे अपघातांची भरपाई देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने, त्या व्यायामांची पुस्तिका काढली. आज दर मंगळवारी नव्वदीच्या एका बाईंच्या घोट्याला मी एक किलोचा पट्टा बांधते, त्या ओटा धरून गुडघा सरळ करतात आणि मी मनातल्या मनात मराठीत दहा मोजते. एज कन्सर्न या ज्येष्ठांसाठीच्या संस्थेचे ‘स्टेडी ॲज यू गो’ हे तोल सांभाळण्याच्या व्यायामाचे वर्ग तर त्या वयाची माणसं स्वतःच चालवतात. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांना हे सहज जमेल.

भावाचं म्हणणं, ‘तुमच्याकडे संशोधन लागतं, आपल्याकडे माणसं आहेत.’ कुठली माणसं? आईकडे कामाच्या मावशी नऊ ते एक येतात. आई पडली दुपारी चारला. भाऊ ठाण्यात, मी इथे. मला कळलं अकरा दिवसांनी. ‘तू तिकडून काय करणार होतीस?’ हे त्याचं वाक्य अजून सलतं, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि संशोधन काही परदेशीच असतं असं नाही. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासणाऱ्या संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ या म्हातारपणाबद्दलच्या पाहणीची पहिली फेरी केली. पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून देशभरातल्या ७२ हजारांवर लोकांशी बोलून. तेवढ्यांनी दार उघडलं म्हणून आपल्या म्हातारपणाबद्दल आज आकड्यांनिशी बोलता येतं. आमच्या गेटवर मात्र दोन मुलींना खुर्चीसुद्धा मिळाली नाही.

काल आईचा फोन आला. तिने वॉचमनकडून त्या मुलींचा नंबर मागून घेतलाय, त्या शनिवारी येणार आहेत. ‘बाथरूमच्या उंबऱ्याशी पडले, पायपुसण्यावरून पाय घसरला, हे मला अजून कुणी विचारलंच नाही गं,’ ती म्हणाली. इथे नव्या पेशंटला माझा पहिला प्रश्न तोच असतो. आईला मी फक्त एक्स-रे पाठव म्हणाले होते.