बूट आणि जुलै

झालं, यंदाही तेच! दोन दिवसांची सुटी संपवून पहिल्या पाळीला निघालो, कपाट उघडलं, तर सेफ्टी शूजवर हिरवट-पांढरी लव. जुलैतलं महाड ते. इथे डब्यातला पापड मऊ पडतो, तिथे चामड्याचं काय घेऊन बसलात.

पण बुरशीचं सोडा, ती ओल्या फडक्याने निघते. डोकं फिरतं ते घरच्यांमुळे. बूट भिजून आले की मी आतले तळवे काढतो, वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो, पंख्याखाली ठेवतो. सकाळी बघावं तर बोळे गायब आणि बूट न्हाणीतल्या चुलीजवळ! "अरे, लवकर वाळतील म्हणून ठेवले," इति आई. अगं आई, चामडं आहे ते, सुकट नाही! आच लागली की ताठरतं, आणि बोटं दुमडतात नेमकी तिथेच तडकतं. गेल्या वर्षीची जोडी अशीच गेली.

मग म्हटलं, सेलमध्ये घेतलेली राखीव जोडी काढू. चार वर्षं खोक्यात, एकदाही न घातलेली. कंपनीच्या गेटपर्यंत पोचेस्तोवर सोलचा भुगा, वाटभर रांगोळी! हे पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचे, सोल दमट हवेत नुसते पडूनही कुजतात. पुढची पोलादी टोपी मात्र ठणठणीत. २०० ज्यूलचा दणका झेलणार म्हणे ती. झेल बाई, पण कशावर उभी राहून?

मोच्याकडे नेले. त्याने बोटाने टाच दाबली, बोट आत गेलं. "साहेब, टाका घालू कशात?"