एका बाटलीने फळमाशी संपत नाही

आमच्या लेआउटच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक फॉरवर्ड फिरतो. यंदाही आलाच : ‘पेरूत अळ्या करणारी ही नवीन परदेशी माशी आहे. झाडाखाली तुळशीची कुंडी ठेवा, माशी फिरकणार नाही. एक सापळा टांगा, आठ दिवसांत माशी संपेल. सडकी फळं झाडाच्या आळ्यातच पुरा, खत होईल.’

परदेशी? आपल्या जांबात (पेरू म्हणा, नागपुरात जांबच) अंडी घालणारी माशी इथलीच, आशियातली. उपरी ती आफ्रिकेत ठरली. 2003 मध्ये केनियात सापडली, तेव्हा नवीनच जात समजून तिला ‘इन्व्हाडेन्स’ असं नाव दिलं गेलं. पुढे कळलं की ही तर जुनीच ‘डॉर्सॅलिस’, म्हणजे आपलीच जांबातली माशी.

तुळशीची तर गंमतच आहे. सापळ्याच्या बाटलीत टांगलेला प्लायचा ठोकळा मिथाईल युजेनॉल नावाच्या ज्या वासाच्या द्रव्यात भिजवलेला असतो, ते तुळशीतही असतं. त्या वासाने नर माशी पळत नाही, येते.

आता सापळा. मीही टांगला होता. आठवडाभरात तळाशी मूठभर माश्या, पिवळ्या पट्ट्यांच्या, घरमाशीएवढ्या. खूश होऊन झाडावरचा एक पिकलेला जांब तोडला. सालीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, भोवती बोट दाबलं तर मऊ. पेपरवर कापला, तर एका अळीने अंगाचा गोल केला आणि टुणकन उडी मारून ती फरशीवर!

कारण बाटलीत येतात ते फक्त नर. अंडी घालते मादी, आणि उरलेला एकेक नर कितीतरी माद्यांना पुरतो. शिवाय शेजारच्या प्लॉटवरची माशी कुंपण मानत नाही. याच द्रव्याने नर मारून माशी संपवल्याचं उदाहरण आहे, पण ते पॅसिफिकमधल्या रोटा बेटावरचं, 1960 च्या दशकातलं; तिथे विषारी ठोकळे विमानातून अख्ख्या बेटावर टाकले होते. आपण टांगतो एक बाटली.

पण म्हणून ती बाटली काढून टाकू नका. दर रविवारी माश्या मोजा. आकडा चढायला लागला की समजा, फळं झाकायची वेळ झाली. जांब लिंबाएवढा, कच्चा हिरवा असतानाच कागदी पिशवी चढवायची. फवारणीवर माझा तरी भरवसा नाही : अळी गरात असते, आणि खाली पोरं खेळत असतात.

राहिलं आळ्यात पुरणं. हे सगळ्यात वाईट. पोसलेली अळी कोष करायला स्वतःच फळातून उतरून मातीत दोन-चार बोटं खोल जाते. तुम्ही तिची तेवढी मेहनत वाचवता. पडलेली फळं रोज संध्याकाळी वेचा, काळ्या पॉलिथिनमध्ये घट्ट बांधा आणि आठ-दहा दिवस गच्चीवर उन्हात टाका. पावसाची झड लागली तर आणखी चार दिवस राहू द्या, गाठ मात्र सोडून बघू नका.