सिंधू लिपीची ‘बाराखडी’ मुलांना शिकवू नका

प्राथमिक शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक तक्ता फिरतो आहे. सिंधू लिपीच्या चिन्हांखाली अ, आ, क, ख लिहिलंय आणि मुलांनी त्यावरून आपलं नाव ‘हडप्पाच्या लिपीत’ लिहावं, अशी सूचना आहे. हेतू चांगला, पण तक्ता चुकीचा आहे. ही लिपी अजून कोणालाही सर्वमान्य होईल अशी वाचता आलेली नाही. लिपीतज्ज्ञ इरावतम महादेवन यांनी १९७७ साली तिच्या ४१७ चिन्हांची सूची केली, तरी उच्चार ठरलेले नाहीत. लेख फार त्रोटक आहेत, सरासरी पाचेक चिन्हांचे, आणि दोन लिप्यांमधला एकही जोडलेख सापडलेला नाही. म्हणून तर तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये उकल करणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं.

मुलांना त्याऐवजी हडप्पासारखी मुद्रा, म्हणजे ठसा उमटवायचा शिक्का, करायला साबणाची वडी आणि ओल्या मातीचा गोळा द्या. वडीवर बोथट काडीने एकशिंगी प्राणी कोरायचा, वर चार चिन्हं, आणि मातीवर दाबायची. ठशात प्राण्याचं तोंड दुसऱ्याच बाजूला गेलेलं पाहून मुलं चकित होतात. मोहेंजोदडोचा कारागीर हे ओळखूनच मऊ दगडात मुद्रा उलटी कोरत असे. ‘यावर काय लिहिलंय?’ असं कुणी विचारलंच, तर ‘अजून कोणालाच माहीत नाही’ हे खरं उत्तर द्या. मुलं त्या चिन्हांकडे पुन्हा वाकून बघतात.