बायकाही घोरतात

एप्रिलमध्ये लेकीनं माझा झोपेतला व्हिडिओ काढला. चोरून. सकाळी चहाच्या वेळी तो समोर धरला तेव्हा मी आधी ओरडले, "डिलीट कर तो!" तोंड उघडं, केस विस्कटलेले, आणि तो आवाज! लेक म्हणाली, "आई, आवाज सोड. आवाज बंद होतो तिथं बघ." बघितलं. छाती हलत होती, पोट हलत होतं, पण श्वास नव्हता. मोबाईलवर २२, २३, २४ सेकंद. मग पाण्यात बुडालेलं माणूस वर यावं तसा एक गचका, आणि घोरणं पुन्हा सुरू.

नवऱ्याकडे पाहिलं तर तो पेपरात. त्याला हे चार वर्षांपासून माहीत होतं. हॉलमधल्या दिवाणावर झोपायला गेला तेव्हा "उशिरापर्यंत मॅच बघतो" असं कारण दिलं होतं. विचारलं तर म्हणतो, "तुला वाईट वाटलं असतं." खरं आहे, वाटलंच असतं. माझ्या सासऱ्यांच्या घोरण्याचे किस्से आमच्याकडे आजही रंगवून सांगतात. आण्णा घोरायला लागले की वाड्यातली मांजरं पळायची वगैरे. पुरुषाचं घोरणं घरादाराची करमणूक असते. बाईचं घोरणं मात्र पदराखाली झाकायचं. माझा श्वास रात्रभर अडत होता आणि ते मला कुणी सांगितलं नाही, ते या झाकपाकीमुळे.

आता त्या आधीच्या तीन वर्षांचं सांगते. वय ५२, सहकारी बँकेत काउंटरवर. सकाळी उठले की डोकं जड, दुपारी तीनला समोर ग्राहक उभा आणि माझे डोळे मिटतायत. बीपीच्या दोन गोळ्या घेऊनही वरचा आकडा १५० च्या खाली येईना. रात्री चार-चारदा लघवीला उठायचं. डॉक्टर झाले तीन. एकानं थायरॉईड, बी-१२, डी व्हिटॅमिन, साखर, सगळं तपासलं आणि बी-१२ ची इंजेक्शनं दिली. दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी गेलीय ना, मग होणारच, स्ट्रेस कमी करा." तिसऱ्यानं झोपेची गोळी लिहून दिली. ती मी पाच महिने घेतली. नंतर कळलं की अशा काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. तिघांनीही एक प्रश्न विचारला नाही : तुम्ही घोरता का? मीही सांगितलं नाही, कारण मला कुठे ठाऊक होतं! आणि नवरा दवाखान्यात नेहमी बाहेरच्या बाकड्यावर.

पाळी गेल्याचा उल्लेख मात्र चुकीचा नव्हता. पाळी थांबेपर्यंत बाईच्या शरीरातल्या हार्मोन्सचं श्वासाला काहीसं संरक्षण असतं, नंतर ते जातं आणि स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा हा आजार, होण्याची शक्यता वाढते. शिवाय बायका "मी घोरते" अशी तक्रार घेऊन जात नाहीत. थकवा आहे, झोप लागत नाही, डोकं दुखतं, रडू येतं असं सांगतात. मग औषध त्या रडण्यावर मिळतं.

व्हिडिओ घेऊन गेले कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी अर्धा मिनिट पाहिला आणि स्लीप स्टडी लिहून दिली. एक रात्र हॉस्पिटलात. सूचना : केसांना तेल लावून येऊ नका. मी शनिवारी चंपी करणारी बाई, नेमकी रविवारी रात्री भरती. शाम्पू दोनदा केला तरी त्या तंत्रज्ञ मुलाची डोक्यावर वायरी चिकटवताना पुरेवाट झाली. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना वायरी, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. म्हटलं अशा अवतारात झोप कसली लागणार? लागली. मेल्यासारखी लागली.

रिपोर्टमध्ये एएचआय ३४. म्हणजे तासाला सरासरी ३४ वेळा श्वास बंद पडला किंवा खूप उथळ झाला, आणि दर वेळी किमान १० सेकंद. ५ पर्यंत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० च्या वर तीव्र. सहा तासांची झोप धरली तर रात्रीतून दोनशे वेळा मेंदू मला हलवून उठवत होता आणि मला पत्ता नव्हता. ऑक्सिजन ७८ पर्यंत उतरला होता. कोविडमध्ये ९४ च्या खाली आकडा गेला की आपली धावपळ व्हायची, आठवतंय ना?

आणि ती लघवी! बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो, हृदय एक हार्मोन सोडतं, त्यानं मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. मी संध्याकाळी सहानंतर पाणी बंद करून बसले होते.

खरी करमणूक पुढेच. रिपोर्ट मिळाला त्याच संध्याकाळी, डॉक्टरांना भेटायच्या आधीच, एका मशीन विक्रेत्याचा फोन. माझा नंबर त्याला कुणी दिला हे विचारायची तेव्हा बुद्धी झाली नाही. दुसऱ्या दिवशी घरी आला, सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) टेबलावर, नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क माझ्या तोंडावर, "मॅडम, ऑटो आहे, चारपासून वीसपर्यंत स्वतः प्रेशर ठरवतं, तुम्ही फक्त झोपायचं." ४८ हजार. दहा मिनिटांत गेला. रात्री मास्कच्या कडेनं डोळ्यात वारा, पोटात गॅस, सकाळी नाकावर व्रण. फोन केला तर "सवय होईल मॅडम." नऊ रात्री काढल्या. दहाव्या दिवशी मशीन कपाटात, फराळाच्या डब्यांशेजारी. आपल्याकडे अशी किती मशीनं कपाटात पडून असतील! आणि दोष पेशंटचा, की तिनं वापरलं नाही.

विमा कंपनीनं टेस्टचे पैसे नाकारले, कारण निव्वळ तपासणीसाठी भरती झाल्यास मिळत नाहीत. त्याच पॉलिसीत पुढे लिहिलंय की बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५ किंवा जास्त आणि सोबत तीव्र स्लीप ॲप्निया असेल, तर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया मिळू शकते. आजार तीव्र आहे हे कळणार कसं, स्वप्नात?

तोवर नातेवाइकांचे सल्ले सुरू होतेच. नाकात तूप सोड. कुशीवर झोप (हा बरा होता). "तू कुठे एवढी जाड आहेस, तुला कसं होईल?" माझं वजन ६८, पण जबडा लहान आणि मागे गेलेला. वजन हे एक कारण, एकमेव नव्हे. एका दिरांनी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची बातमी पाठवली. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये त्यातल्या टिर्झेपेटाइड या औषधाला या आजारासाठी मान्यता मिळाली हे खरं, पण ती लठ्ठपणा असलेल्यांसाठी. आणि बप्पी लाहिरींचं नाव निघालंच. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते गेले तेव्हा डॉक्टरांनी हाच आजार सांगितला होता, आणि आपण सगळ्यांनी ते वाचून विसरून गेलो होतो.

शेवटी मैत्रिणीनं झोपेच्या विकारांचं काम करणाऱ्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. या बाईंनी आधी रिपोर्टची सगळी पानं वाचली. मग मशीनमधलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि माझ्या नऊ रात्री माझ्यासमोर मांडल्या : गळती किती, श्वास किती वेळा अडला, मास्क किती वाजता काढून फेकला. म्हणाल्या, "मशीन ठीक आहे, मास्क तुमच्या चेहऱ्याचा नाही." पुन्हा एक रात्र लॅबमध्ये, प्रेशर हळूहळू वाढवत नेलं. माझं उत्तर निघालं ११. फक्त नाकावर बसणारा लहान मास्क, हवा दमट करायला डिस्टिल्ड वॉटर, आणि पहिला आठवडा दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा कार्ड घेऊन यायचं. उपचार म्हणतात तो हा. आधीची नुसती विक्री होती.

हे यंत्र १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिवन या डॉक्टरांनी आणलं, सुरुवातीला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून. हे कळल्यापासून लेक मला "आई, घर झाडून घे" म्हणते.

चमत्कार वगैरे झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की रात्री एकदाही उठले नाही. एवढंच. आता मशीनवरचा एएचआय ३ च्या आसपास असतो, बीपीची एक गोळी अर्धी झालीय. तीन वाजता काउंटरवर जागी असते. सर्दी झाली की वैताग आहे, आणि नवरा अजून दिवाणावरच आहे, कारण त्याला आता मॅचची खरंच सवय लागलीय.

गणपतीला गावी जायचं तेव्हा पोटात गोळा आला होता. चिपळूणच्या पुढचं घर, माजघरात बारा बायका ओळीनं, आणि मी हत्तीसारखी सोंड लावून. वीज गेली तर वेगळंच. गेलीही, पहाटे तीनला, आणि मी दचकून उठले. पण माझ्या सोंडेवर पोरांनी एक दिवस हसून घेतलं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामी मागच्या पडवीत चूल पेटवत होती. वय ६७. गेली कित्येक वर्षं ती प्रत्येक लग्नाकार्यात एकटी पडवीत झोपते, थंडीतसुद्धा. "मला आत उकडतं" म्हणते. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्याचा आवाज येतो का गं?"

"नाही गं, पंख्याएवढा."

"आणि तुझा?"

"माझाही नाही."

ती फुंकर मारत बसली. मग म्हणाली, "म्हणजे तू सगळ्यांत झोपलीस."

पुढच्या गुरुवारी तिला टेस्टला नेतेय. बुधवारी केसांना तेल लावू नकोस म्हणून दोनदा फोन करून सांगितलंय, तरी ती लावणारच.