सुजलेल्या खांद्यावर पुन्हा जू

दर गळीत हंगामात तेच! उसाची टायरगाडी खच्चून भरायची आणि चढावर बैल गुडघ्यावर आला की पराणी टोचायची. अहो, तो माजलेला नाही, त्याचा खांदा सुजलाय!

गाडी पुढे जड भरली की सगळा भार जुवावरून मानेवर येतो. मागे जड झाली की जू वर उचलतं आणि गळ्याखालचा पट्टा श्वासनळी आवळतो. म्हणजे मोळ्या आसाच्या दोन्ही बाजूंना तोलून रचायला हव्यात. एवढं साधं आहे हे. त्यात एक बैल उंच, दुसरा ठेंगणा, जू खडबडीत. मग कातडी घासते, गाठ येते, पू होतो. त्यावर काळं तेल फासून दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपतात! जखम भरेपर्यंत जू लावायचंच नसतं.

१९६५ च्या केंद्रीय नियमांत सगळं लिहिलंय: दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग ५ तासांहून जास्त नको, ३७ अंशांवर ऊन गेलं की दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, टोकदार पराणीला तर बंदीच. आणि कारखान्याच्या काट्यावर गाड्यांची रांग लागते तेव्हा बैल जुंपलेलेच उभे. निदान तिथे तरी सोडा त्यांना, पाणी दाखवा!